सरक

३ जुलै

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

खुशालीचं आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे राहून जाईल. सगळे उभे आहोत. ह्यांची शीतगृहातली रात्रपाळी चालू आहे. मी अजून त्याच कारखान्यात चष्म्याची भिंगं घासते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे.

पत्र भिंगरीसाठी लिहिते आहे. ती आता आठ वर्षांची झाली. भिंगं घासणारीची मुलगी भिंगरीच व्हायची, असं बारशाला तुम्हीच म्हणाला होता. तशीच झाली. उभ्या जागी गोल गोल फिरते. बोलत मात्र नाही.

तिला बोलतं करणाऱ्या एक थेरपीच्या बाई आहेत. वर्षभर वाट पाहिल्यावर त्यांच्याकडून निरोप आला: आठवड्यातले तीन दिवस, सकाळी अकरा. मी संध्याकाळ मागितली. त्या म्हणाल्या, "संध्याकाळ मागणारे सगळेच असतात. अकराची जागा रिकामी आहे. घ्यायची तर आज सांगा, मागे रांग आहे." मी हो म्हणून आले.

आता शाळा आडवी आली आहे. शाळा आठ ते दोन असते. मधली सुट्टी अकराच्या आधी संपते. त्या सुट्टीत तिला तीन दिवस घेऊन जाऊ द्या, एवढंच माझं मागणं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आज तुम्हाला सोडलं तर उद्या पोहायला जाणाऱ्यांना कोणत्या तोंडानं अडवू? एक तर पूर्ण शाळा करा, नाहीतर पूर्ण थेरपी." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली आहे. फार गळ घातल्यावर म्हणाल्या, "लेखी अर्ज द्या, बघते."

मामा, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत. हा अर्ज तुम्ही लिहून द्या. आई म्हणायची, दादाकडे पाणी मागितलं तर तो आधी पाण्याची व्याख्या विचारतो. विचारा. पण पाणी द्या.

तुमची
ठमी

८ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. व्याख्येपासूनच आरंभ करतो. तहान व्याख्येवाचून भागते, अर्जाचे तसे नसते.

मुख्याध्यापिकांची हरकत तुला आडमुठेपणाची वाटते. मला ती सयुक्तिक वाटते, आणि म्हणूनच ती मोडून काढणे शक्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच, की एकीला दिलेली सवलत इतरांना नाकारता येत नाही. तेव्हा तू सवलत मागत राहिलीस तर हरणार हे निश्चित. मुलीच्या अवस्थेचे वर्णन करून दयेची याचना करशील तरीही हरशील. दया सर्वांनाच लागू पडत असल्यामुळे निर्णयाच्या वेळी ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मार्ग एकच आहे. ही सवलत नव्हेच, हे दाखवले पाहिजे. ज्या वेळेत शाळा या मुलीला काहीच देत नाही, ती वेळ परत मागणे म्हणजे काही मागणे नव्हे. पोहायला जाणाऱ्या मुलाला शाळा त्या वेळेत गणित देते, म्हणून त्याचा प्रश्न निराळा आहे. येथे त्यांचा दृष्टांत गळून पडतो.

हे सिद्ध करायला मला साधन हवे. मधल्या सुट्टीनंतर शाळा तिला काय देते? एका उदाहरणाने सांग. एक नेमके उदाहरण दहा विशेषणांना भारी असते. 'बिचारी' हा शब्द पत्रात कोठेही येऊ देऊ नकोस. तो आला की वाचणारा मान डोलावतो आणि कागद बाजूला ठेवतो.

तुझ्या सासूबाईंच्या जिभेला माझा नमस्कार सांग.

मामा

१२ जुलै

ती. मामा,

'बिचारी' कुठेही येणार नाही.

सुट्टीनंतर गणित, परिसर आणि चित्रकला असे तास असतात. भिंगरी मागच्या बाकावर खिडकीशी बसते. वहीत रेघा ओढते. बाई रागावत नाहीत. त्यांच्याकडे चाळीस मुलं आहेत, त्या तरी किती पाहणार?

उदाहरण मागितलंत, तर एकच आहे. शाळेतून ती आजवर एक शब्द घेऊन आली. "सरक."

आमच्या दाराशी चपला घालायला बसायचा एक बाक आहे. शाळेतून आली की ती त्याच्या एका टोकाला बसते. कुणी शेजारी बसलं की खांद्यानं ढकलते आणि म्हणते, "सरक." परवा सासूबाईंना म्हणाली. त्यांनी जे तोंड सोडलं ते विचारू नका. "एवढी फी भरून हे शिकवलं? आमच्या वेळी म्हशीला सरक म्हणायचे. हिच्या शाळेत हिलाच कुणी म्हणत असणार, म्हणून हिच्या तोंडी बसलंय." आठ वर्षं जिच्या तोंडून 'आई' ऐकायची वाट पाहिली, तिच्या तोंडून पहिला शब्द हा आला. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून उभी राहिले होते.

म्हणताना हसते, हेही सांगायला हवं. अगदी दात दाखवून हसते. त्याचा अर्थ मला लागत नाही.

याहून जास्त माझ्याकडे काही नाही. यातून होईल तेवढा अर्ज करा.

ठमी

१७ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

अर्ज सोबत जोडला आहे. मुलीचा आजोबा या नात्याने खाली माझी सही केली आहे. आईचा अर्ज विनंती म्हणून वाचला जातो. निवृत्त प्राध्यापकाच्या सहीचा कागद निदान शेवटपर्यंत वाचला जातो.

तू पाठवलेले उदाहरण उत्तम आहे. तुझ्या सासूबाईंनी अजाणता संपूर्ण अनुमान मांडले. मी त्याला केवळ घडी घातली. अर्जाचा गाभा पुढीलप्रमाणे आहे:

'सदर विद्यार्थिनीने या शाळेतून आजतागायत एकच शब्द आत्मसात केला असून तो "सरक" हा आहे. वाटेतल्या गुराला किंवा अडथळ्याला उद्देशून हा शब्द वापरतात. न बोलणारे मूल जो शब्द वारंवार ऐकते तोच उच्चारते. अर्थात हा शब्द तिला उद्देशून वारंवार उच्चारला जात असला पाहिजे. ज्या वेळेत बालिकेला केवळ बाजूला सारले जाते, त्या वेळेत ती स्वतःच बाजूला झाली तर शाळेचे अथवा तिचे कोणते नुकसान संभवते?'

या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. 'नुकसान नाही' म्हटले तर परवानगी द्यावी लागेल. 'आहे' म्हटले तर ते कोणते, हे दाखवावे लागेल. आणि तसे दाखवण्याजोगे त्यांच्याकडे काही नाही, असे तूच लिहिले आहेस.

ती हसते, हा तपशील मी घेतलेला नाही. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही, परंतु त्याचा अर्थ तुलाच लागत नाही, आणि ज्याचा अर्थ लागत नाही असा तपशील अर्जात आला की प्रतिपक्ष त्याला हवा तो अर्थ लावतो. युक्तिवाद सैल करणारी गोष्ट युक्तिवादाबाहेर ठेवावी.

निकाल कळव.

मामा

२ ऑगस्ट

ती. मामा,

जिंकलो.

मुख्याध्यापिकांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "हे आजोबा वकील का हो?" मी म्हटलं, "नाही, तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते." तर म्हणाल्या, "मग वकिलापेक्षा वाईट." आणि सही केली.

सोमवारपासून थेरपी चालू झाली. मधली सुट्टी संपता संपता शिपाई तिला फाटकाशी आणून देतो. मी कारखान्यातून तेवढ्यापुरती सुटून येते. मुकादम कुरकुरतो, पण सोडतो. थेरपीच्या खोलीत गादी आहे, आरसा आहे, चित्रांचे पत्ते आहेत. बाई पाण्याचं चित्र दाखवतात आणि 'पाणी' म्हणतात. भिंगरी चित्राकडे बघते. बाई म्हणतात घाई करू नका. मी घाई करत नाही. रस्त्यानं येताना मात्र मनातल्या मनात तीस-तीस वेळा 'पाणी' म्हणते.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या अर्जानंतर शाळेनं चौकशी केली, वर्गात भिंगरीला सरक कोण म्हणतं. तिच्या बाकावरची मुलगी निघाली. लांब वेणीची, रोज लाल फीत बांधून येणारी. तिला उठवून पहिल्या बाकावर नेलं. काल फाटकाशी तिची आई दिसली. मी हसले, तिनं मान फिरवली. सासूबाई म्हणाल्या, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आपली पोर काय करते ते तिला माहीत असणार."

ह्यांनी तुम्हाला मुद्दाम नमस्कार लिहायला सांगितला आहे. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाशी भांडून काही मिळालं.

तुमची
ठमी

७ ऑगस्ट

चि. ठमीस आशीर्वाद.

निकाल अपेक्षित होता. तरीही समाधान वाटले. चौकशी झाली ही अर्जाची स्वाभाविक परिणती आहे. जे कारण आपण दाखवले त्याचे निवारण करणे शाळेला भाग होते. त्या बाईने मान फिरवली याचे वाईट वाटून घेऊ नकोस. मुलांच्या वागणुकीची जबाबदारी पालकांना सहसा अनपेक्षित वाटते.

पहिला नवा शब्द येईल त्या दिवशी पत्र लिही. मध्यंतरी लिहिले नाहीस तरी मी त्याचा अर्थ प्रगती असाच लावीन.

मामा

१९ सप्टेंबर

ती. मामा,

मी लिहिलं नाही त्याचा अर्थ तसा नव्हता.

काल शिपाई रजेवर होता, म्हणून तिला आणायला मी आत गेले. मधली सुट्टी संपल्याची घंटा नुकतीच झाली होती. मुलं वर्गात येत होती. मी दाराशी थांबले. भिंगरी मागच्या बाकावर होती, खिडकीशी नाही, अलीकडच्या कडेला. अर्धी बाहेर आली होती, पडेल की काय असं वाटावं इतकी कडेला. पलीकडचा सगळा बाक मोकळा होता, आणि त्या मोकळ्या जागेवर तिनं हात पसरून ठेवला होता. प्रत्येक येणाऱ्या मुलीकडे मान वर करून बघत होती. सगळ्या आपापल्या जागी बसल्या. पहिल्या बाकावरच्या लाल फितीवालीनं एकदा मागे वळून बघितलं आणि लगेच पुढे तोंड केलं. मग भिंगरीनं हात उचलून मांडीवर ठेवला.

मी वर्गाच्या बाईंना बाहेर बोलावलं. विचारलं, "हे काय आहे?"

त्या म्हणाल्या, "त्यांचा खेळ होता. त्या मुलीचा धाकटा भाऊ खालच्या वर्गात आहे. सुट्टीत त्याला डबा खायला घालून ती उशिरा यायची. ही कडेला वाट अडवून बसायची. ती यायची आणि म्हणायची, सरक. ही सरकायची नाही. मग दोघी खांद्यानं ढकलाढकली करायच्या आणि हसायच्या. जूनमध्ये एक दिवस ती म्हणायच्या आत हीच म्हणाली, 'सरक.' सगळा वर्ग ओरडला होता. मी तुम्हाला फाटकाशी सांगितलं होतं की, दोघींचं छान जमतं म्हणून."

मामा, सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, शाळा तिला काय देते, तेव्हा ते मला आठवलं होतं. पण मला वाटलं, हे लिहिलं तर तुम्ही म्हणाल शाळा काहीतरी देते, आणि मग अर्ज होणार नाही. मैत्रीण काय, मिळेल पुन्हा. अकराची जागा पुन्हा मिळायची नाही. म्हणून गाळलं. 'सरक' तिथलाच असेल असं मात्र डोक्यात आलं नाही, चौकशीत तीच मुलगी निघाली तेव्हाही नाही. खरंच आलं नाही.

मी बाईंना म्हटलं, "मग चौकशीत तुम्ही का बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "अर्जात सगळं सिद्धच केलं होतं. मला विचारलं फक्त एवढंच, ती मुलगी सरक म्हणते का? मी म्हटलं, हो."

थेरपीत अजून 'पाणी' आलेलं नाही. आणि घरी बाकावर ती बसते, पण बोलत नाही. आम्ही शेजारी बसलो तर उठून जाते.

ठमी

२३ सप्टेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले.

तू गाळलेस ते तू मला न सांगता गाळलेस. मी गाळले ते तुला सांगून गाळले. दोहोंत माझे अधिक गंभीर आहे, कारण ते हसणे माझ्यासमोर कागदावर होते. धूर दिसला की अग्नी मानावा, हे अनुमान मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले. धूर म्हणून जे दिसते ते धुके तर नाही ना, हे आधी तपासावे, हेही त्याच तासाला शिकवले. सुरुवातीच्या वर्गातला धडा आहे हा. यावर अधिक लिहिणे म्हणजे तुझा वेळ घेणे.

करण्याजोगे काय, तेवढे पाहू. दुसरा अर्ज सोबत आहे. पहिल्या अर्जातील अनुमान चुकीच्या आधारावर उभे होते, असे मी स्पष्ट लिहिले आहे. त्या मुलीवरील ठपका मागे घ्यावा, दोघींना पूर्ववत एकत्र बसवावे, आणि थेरपीचे दिवस शाळेच्या वेळेशी जुळेपर्यंत मुलीला पूर्ण वेळ वर्गात ठेवावे, अशी विनंती आहे. यात एकही डावपेच नाही. तू स्वतः जाऊन दे.

मामा

४ ऑक्टोबर

ती. मामा,

दिला. मुख्याध्यापिकांनी वाचला, या वेळी एकदाच. म्हणाल्या, "आजोबांना सांगा, पहिला अर्ज इतका पटला की आता दुसरा पटत नाही." नंतर जरा मऊ झाल्या. "पूर्ण वेळ बसवायची तर बसवा, मी अडवत नाही. पण ती दुसरी मुलगी मी परत मागे कशी पाठवू? तिच्या आईनं लिहून दिलंय, नको म्हणून."

मी त्या आईला फाटकाशी गाठलं. हात जोडले. ती शांतपणे बोलली, तेच जास्त लागलं. "माझ्या पोरीला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. विचारलं, तू हिला सरक म्हणतेस? ती म्हणाली, हो. तिला वाटलं, शाबासकी मिळणार. घरी येऊन मला विचारते, आई, सरक ही शिवी आहे का? आता ती कुणालाच सरक म्हणत नाही. बाकावर जागा नसली तर उभी राहते. तुमच्या मुलीवर माझा राग नाही, ताई. पण तिथं मी तिला बसवणार नाही."

ताई म्हणाली मला.

भिंगरीला पूर्ण वेळ ठेवून पाहिलं. चार दिवस कडेला हात पसरून बसली. पाचव्या दिवशी खिडकीशी जाऊन बसली आणि तोंड भिंतीकडे केलं. मग मी परत थेरपी चालू केली. निदान तिथं कुणीतरी तिच्याशी बोलतं. थेरपीच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी नवा पत्ता बनवला आहे. त्यावर बाकाचं चित्र आहे, दोन मुली बसलेल्या. त्या पत्ता धरतात आणि म्हणतात, "सरक." जो शब्द तिच्याकडे फुकट आला होता, तो आता तिला फी भरून शिकवताहेत.

सासूबाई हल्ली काही बोलत नाहीत. परवा त्या स्वतःच बाकावर तिच्याशेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हण गं, मला म्हण." ती उठून गेली.

मामा, आता अर्ज नको. तुम्ही या.

ठमी

२९ ऑक्टोबर

चि. ठमीस आशीर्वाद.

तुमच्याकडून सुखरूप घरी पोहोचलो. निघण्याच्या दिवशी सकाळी तू कारखान्यात गेली होतीस आणि तुझ्या सासूबाई आत होत्या, त्या वेळी जे घडले ते तुला निघताना सांगता आले नाही, म्हणून लिहितो. तुला ते ठाऊक असले पाहिजे. पुन्हा काही गाळावे, असे मला वाटत नाही.

मुलगी दाराशी बाकावर बसली होती, अलीकडच्या कडेला. मला वहाणा घालायच्या होत्या. तिच्यासमोर उभा राहून मी म्हणालो, "सरक." जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणालो. हसूनही म्हणालो, असे मला वाटते; परंतु हसणे हा माझा विषय नव्हे, तेव्हा त्याची खात्री देता येत नाही.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. खांदा लावला नाही. ती सरकली. वाटेतला माणूस सरकतो तशी, मुकाट्याने, बाकाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली, तिथून भिंतीपर्यंत, आणि अंग चोरून भिंतीला टेकून राहिली.

जुलैत मी त्या शब्दाचा जो अर्थ लिहिला, तो तेव्हा असत्य होता. आता तो तिच्यापुरता सत्य आहे, आणि त्या दुसऱ्या मुलीपुरताही.

बाक जवळजवळ सगळा मोकळा झाला होता. मी त्यावर बसलो आणि वहाणा घातल्या.

मामा